कारखान्यातली रसायनं आणि स्वादुपिंडाचा कर्करोग: कामाची कुंडली कशी मांडावी

स्वादुपिंडाचा कर्करोग झाला की डॉक्टर विचारतात, बिडी-सिगारेट? तंबाखू? दारू? हे प्रश्न बरोबरच आहेत, कारण तंबाखूचा संबंध पक्का सिद्ध झालेला आहे. पण वीस वर्षं कोणत्या टाकीजवळ उभे होतात, हे फारसं कुणी विचारत नाही. ते सांगायची तयारी आपणच करून ठेवावी लागते.

आधी माहीत काय आहे ते पाहू. 2000 साली फिनलंडच्या संशोधकांच्या पुढाकाराने 92 अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात निकेलच्या संपर्कात काम करणाऱ्यांमध्ये या कर्करोगाचं प्रमाण सुमारे 1.9 पट आणि क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट (ग्रीससारखे पदार्थ विरघळवणारी द्रव रसायनं) हाताळणाऱ्यांमध्ये सुमारे 1.4 पट दिसलं. हा संबंध आहे, रसायनामुळेच कर्करोग होतो याचा पुरावा नव्हे. यातल्याच एका सॉल्व्हंटला, ट्रायक्लोरोइथिलीनला, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्या पदार्थांत टाकलं, ते मूत्रपिंडाच्या कर्करोगामुळे. स्वादुपिंडाच्या बाबतीत तितकी खात्री अजून नाही. आपल्याकडे हा आजार मुळात कमी आढळतो, त्यामुळे दीडपट म्हणजेही आकडा लहानच. घाबरून नोकरी सोडायची गरज नाही, पण दुर्लक्षही नको.

पायरी 1: रसायनाचं खरं नाव शोधा. शॉपफ्लोअरवर कुणी पूर्ण नाव घेत नाही. जॉबवरचं (म्हणजे यंत्राच्या सुट्या भागावरचं) ग्रीस काढायचं ते टीसीई, औषध कंपनीत एमडीसी, ड्रायक्लीनिंगला पर्क, बाकी सगळं ‘थिनर’. ड्रम तीनदा भरलेला, लेबल खरवडलेलं आणि वर खडूने काहीतरी लिहिलेलं असतं. म्हणून स्टोअरमध्ये जाऊन एमएसडीएस, म्हणजे रसायनाचं सुरक्षा-माहितीपत्रक मागा. सोळा भागांच्या त्या कागदात तिसऱ्या भागात घटक असतात, त्यांच्यासमोर कॅस नंबर, म्हणजे त्या रसायनाचा ओळख क्रमांक. 79-01-6 म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन (टीसीई), 127-18-4 म्हणजे पर्क्लोरोइथिलीन (पर्क), 75-09-2 म्हणजे मिथिलीन डायक्लोराइड (एमडीसी). नाव कसंही बदललं तरी हा नंबर बदलत नाही. दुसऱ्या भागात एच 350 किंवा एच 351 दिसलं, तर कर्करोगाचा इशारा आहे असं समजा.

पायरी 2: कुंडली मांडा. साधी वही पुरे. एका कामाला एक नोंद, उदाहरणार्थ: ‘2011 ते 2016, प्लेटिंग विभाग. टीसीईच्या टाकीत जॉब बुडवणे, रोज साधारण दोन तास. रबरी हातमोजे. एक्झॉस्ट बहुतेक वेळा बंद. उन्हाळ्यात डोकं जड व्हायचं.’ कंत्राटदाराकडे केलेलं काम, शटडाऊनमध्ये टाकी साफ करणं, ओव्हरटाइम, सगळं लिहा. हा आजार उगवायला दशकं लागू शकतात. तोवर कंपनी विकली गेलेली असते आणि सुपरवायझर गावी गेलेला असतो. जुनं ओळखपत्र, पगारपत्रक, ईएसआय कार्ड यांचे फोटो वहीसोबत ठेवा. तंबाखू आणि दारूही प्रामाणिकपणे लिहा. लपवलंत तर बाकीच्या नोंदींवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

पायरी 3: कंपनीकडून आपली आरोग्य-नोंद मागा. धोकादायक प्रक्रियेत काम करणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी कामाआधी, काम चालू असताना आणि काम सोडल्यावरही करायची तरतूद 1948 च्या कारखाने अधिनियमात 41-सी कलमात होती. नोंद कामगाराला पाहू देणंही त्यात होतं. 2020 च्या नव्या संहितेतही तो हक्क आहे. मागणी लेखी करा, पोच घ्या. दाद मिळाली नाही, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते.

पायरी 4: आजचा संपर्क कमी करा. सगळ्यात मोठी फसवणूक इथेच होते. कापडी मास्क किंवा एन-95 धूळ अडवतो, वाफ नाही. पातळ नायट्राइल हातमोज्यातून एमडीसी काही मिनिटांतच आरपार जातं. हात कोरडा वाटतो तेव्हाही. एमडीसी इतकं लवकर उडतं की मास्कला लावायचं वाफ शोषणारं साधं कार्ट्रिजही पुरत नाही, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा लागतो. या वाफा हवेपेक्षा जड असतात, त्यामुळे छताचा पंखा फिरवून काही होत नाही. वाफ ओढून घेणारा एक्झॉस्ट टाकीच्या काठाशीच हवा. जमलं तर रसायनच बदलायची मागणी युनियनमार्फत लावून धरा. पुष्कळ ठिकाणी ग्रीस पाण्यातल्या डिटर्जंटनेही निघतं. अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये टीसीईवर बंदीचा नियम जाहीर केला, हे मालकाला सांगायला उपयोगी पडेल.

पायरी 5: लक्षणं ओळखा. न दुखता झालेली कावीळ, गडद लघवी, पांढरट किंवा तेलकट शौच, पोटातून पाठीकडे जाणारी कळ, विनाकारण घटणारं वजन. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि वजनही उतरत असेल, तर नुसत्या साखरेच्या गोळीवर थांबू नका. लक्षणं नसताना ‘सीए 19-9’ या रक्ततपासणीचं पॅकेज घेऊन मात्र पैसे घालवू नका, धडधाकट माणसांच्या चाळणीसाठी ती तपासणी नाही. लक्षणं असतील तर डॉक्टर सीटी स्कॅन सुचवतील.

दवाखान्यात जाताना वही सोबत न्या आणि कामाचा इतिहास केसपेपरवर लिहून घ्या. भरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक रोगांच्या यादीत हा कर्करोग नावानिशी नाही, त्यामुळे संबंध दाखवायचं ओझं कामगारावर पडतं. आजारपणाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांनी लिहिलेल्या चार ओळींना तेव्हा वजन येतं.