बेळगावला निघण्याआधी

"पणजोबा इराकमध्ये बसऱ्याला लढाईत होते" एवढ्या माहितीवर त्यांची लष्करी नोंद शोधायला मी सैन्याच्या एका अभिलेख कार्यालयात, म्हणजे जुन्या नोंदींच्या दप्तरात, जाऊन उभा राहिलो. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "नंबर? पलटण?" दोन्ही नव्हतं. तुम्ही तरी आधी माळ्यावरची ट्रंक खाली काढा.

त्यात पदक शोधा. पहिल्या महायुद्धाची दोन पदकं बऱ्याच जणांना मिळाली, एक चांदीचं, एक काशाचं. चांदीचं बहुधा अडीनडीला सोनाराकडे गेलेलं असतं, आमचंही गेलं. उरलेलं चिंच लावून घासू नका. आडवं धरा, बाजूने टॉर्च मारा आणि भिंगातून त्याची कड वाचा. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण असते. आमच्या पदकावरचा तीन की आठ हा वाद अजून मिटलेला नाही, तेव्हा दोघांनी वेगवेगळं वाचून लिहा.

पदक नसेल तर डिस्चार्ज बुक (सैन्यातून मोकळं करताना मिळालेली वही), पेन्शनचे कागद, जुन्या मनीऑर्डरच्या पावत्या बघा. घरातल्या म्हाताऱ्या आत्याला रेजिमेंट विचारू नका, पेन्शन आणायला कुठे जायचे ते विचारा.

पलटणीचा आकडा मिळाला तर तो कोणत्या सालचा हे बघा. १९२२ मध्ये मराठा पलटणींची फेररचना झाली आणि जुनी ११० वी ही पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. मराठा लाइट इन्फंट्रीचं अभिलेख कार्यालय बेळगावला आहे, पण आजोबा महार रेजिमेंटमध्ये असतील तर पत्र सागरला, मध्य प्रदेशात पाठवायचं. ती रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली. त्याआधीची १११ वी महार पलटण निराळी, ती १९१७ ची, आणि चार वर्षांत मोडलीही. बॉम्बे सॅपर्सवाल्यांनी, म्हणजे लष्करी इंजिनिअरांच्या पलटणीतल्यांच्या घरच्यांनी, पत्र खडकीला पाठवायचं.

नावाच्या चार-पाच तऱ्हा लिहून न्या. पवारांचे पोवार होतात, कधी आडनाव गळून नुसतं बापाचं नाव उरतं. जिल्हाही त्या काळचा लिहा. आजचं सिंधुदुर्ग तेव्हा बरंचसं रत्नागिरीत होतं आणि रायगडला कुलाबा म्हणत.

पणजोबा लढाईत कामी आले असतील तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (इंग्रजीत CWGC) संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. नशीब असेल तर बापाचं नाव आणि गावही सापडतं. जिवंत परतले असतील तर तिथे नाव नसणार, ही अडचण आनंदाने सोसा. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. आपला माणूस त्यांत असेल तर जिनिव्हाच्या रेड क्रॉसच्या युद्धकैद्यांच्या याद्याही चाळा.

अभिलेख कार्यालयाला करायच्या अर्जाला नात्याचा पुरावा जोडा. झेरॉक्सचे दोन संच करा आणि पदक घरीच ठेवा, कडेचा फोटो पुरतो.