तोंडी आदेश लेखी कसा करून घ्यावा

सरकारी नोकरीत नव्याने लागलेल्या मुलामुलींना कार्यालयातले जुने लोक हमखास दोन सल्ले देतात. एक, ‘साहेब सांगतील तसं करा, डोकं लावू नका.’ दुसरा, ‘लेखी द्या, नाहीतर करणार नाही, असं तोंडावर सांगा.’ दोन्ही सल्ले माणसाला बुडवणारे आहेत. पहिला पाळला तर पुढे कधीतरी विभागीय चौकशीत तुमची सही तेवढी सापडते, सांगणारा सापडत नाही. दुसरा पाळला तर काम बाजूला राहते आणि भांडण सुरू होते. मी आयुष्यभर फाइलींवर टिपण्या लिहिल्या आहेत. या दोन टोकांच्या मधली वाट आहे, आणि ती नियमातच आहे.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 यातला नियम 3 काढून वाचा. वरिष्ठांच्या निर्देशावरून काम करताना तो निर्देश शक्य तेथे लेखी घ्यावा, आणि ते शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर त्याची लेखी पुष्टी घ्यावी, असे तो सांगतो. म्हणजे पुष्टी मागणे हा उद्धटपणा नाही, ते तुमचे कर्तव्य आहे. 31 ऑक्टोबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर निकाल दिला, तेव्हाही हेच बजावले: अधिकाऱ्यांनी तोंडी आदेशावर काम करू नये, आदेशाची नोंद व्हावी. नोंदच नसेल तर माहितीच्या अधिकारात नागरिकाला मिळणार काय, हा मुद्दाही त्या निकालात आहे. तेव्हा ही गोष्ट केवळ कर्मचाऱ्याच्या बचावाची नाही. ज्याचा अर्ज नामंजूर होतो त्याला तो कोणी आणि का नामंजूर केला हे कळण्याचा हा एकच रस्ता आहे.

आधी ठरवा, कोणता आदेश लिहून घ्यायचा. पैसा, जमीन, नेमणूक, निविदा, कुणाचा हक्क नाकारणे किंवा नियमाला अपवाद करणे, यांपैकी काहीही असेल तर लिहून घ्यायचाच. ‘तो तक्ता आज पाठवा’ यासाठी टिपणी लिहू नका. जिथे अधिकार तुमचा आहे तिथे वरिष्ठांकडे बोट दाखवून जबाबदारी टाळू नये, हेही त्याच नियमाच्या स्पष्टीकरणात आहे. आणि पैसे मागायला किंवा पोहोचवायला सांगितले असेल तर तो टिपणीचा विषयच नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक त्यासाठी आहे.

टिपणी त्याच दिवशी लिहा. फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

आता टिपणीची भाषा. मला सगळ्यात जड गेलेली पायरी ही, आणि सगळ्यात वाईट सल्ले मिळतात तेही इथेच. बहुतेक टिपण्यांत एक ठरलेले वाक्य असते: ‘वरिष्ठांच्या निर्देशानुसार कार्यवाही करण्यात आली.’ हे वाक्य कधीही लिहू नका. कोण वरिष्ठ? कधी सांगितले? काय सांगितले? शिवाय ‘करण्यात आली’ म्हटल्यावर काम होऊन गेले, मग पुष्टी कशाची द्यायची? लेखापरीक्षणाचे अर्धसमास पत्र (हिशेब तपासणाऱ्यांनी खुलासा मागणारे पत्र) हातात पडते तेव्हा या वाक्याचा काडीचा उपयोग होत नाही.

मार्चअखेरीचे उदाहरण घ्या, कारण तोंडी आदेशांचा खरा सुकाळ तेव्हाच असतो. साहित्य अजून आलेले नाही, पण निधी व्यपगत होईल, म्हणजे वर्ष संपताच हातचा जाईल, म्हणून साहेब म्हणतात, ‘साठा नोंदवहीत जमा दाखवा आणि देयक कोषागारात पाठवा, माल येतोच आहे.’ नोंदवहीतली नोंद आणि देयकावरचे प्रमाणपत्र यांवर सही तुमची. अशा वेळी टिपणी साधारण अशी लिहा:

‘दि. 28 मार्च रोजी दुपारी 4 च्या सुमारास मा. कार्यालय प्रमुखांनी दालनात उपरोक्त देयक आजच सादर करण्याबाबत निर्देश दिले. प.वि. पृष्ठ 17 वरील पुरवठा आदेशातील साहित्य अद्याप प्राप्त झालेले नाही. साठा नोंदवहीत नोंद घेता आलेली नाही, त्यामुळे साहित्य प्राप्त झाल्याचे प्रमाणपत्र देता येत नाही. पुरवठादारास आजच साहित्य पोहोचविण्याबाबत कळवावे, किंवा निधी प्रत्यार्पित करून पुढील वर्षी मागणी करावी. आदेशार्थ सादर.’

यात काय आहे ते पाहा. तारीख, वेळ, पदनाम आणि ठिकाण आहे. व्यक्तीचे नाव नाही, कारण फाइलीत पद बोलते. वस्तुस्थिती आहे, ती कागदाच्या पृष्ठ क्रमांकासह (प.वि. म्हणजे फाइलीचा पत्रव्यवहार विभाग). करता येतील असे दोन पर्याय आहेत: माल आजच मागवणे, किंवा निधी परत करणे. तक्रार नाही, टोमणा नाही, ‘माझी जबाबदारी राहणार नाही’ हे वाक्यही नाही. ते वाक्य लिहायचा मोह फार होतो. लिहू नका. त्याने तुमची जबाबदारी जात नाही, आणि वाचणाऱ्याला तुम्ही आधीच भांडायला बसला आहात असे वाटते.

शेवटचे दोन शब्द सगळ्यात महत्त्वाचे. ‘माहितीस्तव सादर’ लिहिलेत तर साहेब नुसती सही करून फाइल खाली पाठवतील, आणि त्या सहीचा अर्थ ‘पाहिले’ एवढाच होईल. ‘आदेशार्थ सादर’ असेल तर त्यांना हो किंवा नाही लिहावे लागते. अपवाद करण्याचा अधिकार नियमाने त्यांना दिला असेल आणि त्यांनी तसा आदेश लिहिला तर काम करा, तो निर्णय त्यांचा. पण न आलेला माल आला म्हणून लिहायचा आदेश लेखी आला तरी ती नोंद खोटीच राहते. लेखी आदेश म्हणजे कवच नव्हे. तिथे प्रमाणपत्रावर सही करायचीच नाही.

फाइल परत येते तेव्हा दुसरी अडचण सुरू होते. तिच्यावर बहुधा एकच शेरा असतो: ‘चर्चा करावी.’ इथे चांगले चांगले गप्प बसतात. चर्चेला जा, नीट ऐका, आणि परत येऊन त्याच टिपणीखाली पुढचा परिच्छेद लिहा: ‘निर्देशानुसार दि. 29 मार्च रोजी चर्चा केली. चर्चेत पुढीलप्रमाणे निर्देश मिळाले…’ आणि फाइल पुन्हा आदेशार्थ सादर करा. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक प्रकरणे इथेच मिटतात, कारण साहेबांनाही आपले म्हणणे लिहिलेले वाचल्यावर त्याचे वजन कळते.

‘टिपणीचे पान बदलून आणा’ असे सांगितले तर नम्रपणे नकार द्या. ‘साहेब, खाली आपला शेरा लिहा, मी पुढे सुधारित टिपणी जोडतो,’ एवढे म्हणणे पुरते. टिपणी सुरू करतानाच टि.वि. (टिपणी विभाग) पृष्ठांना क्रमांक घालण्याची सवय असेल तर ही वेळ सहसा येत नाही. ई-ऑफिसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या फाइलीत, हे सोपे आहे: हिरवी टिपणी पुढे पाठवली की ती बदलता येत नाही. पिवळी टिपणी मात्र मसुदा असते, म्हणून पुष्टीची टिपणी पिवळीत ठेवू नका.

व्हॉट्सॲपवर आलेल्या आदेशाचे काय? रात्री साडेदहाला ग्रुपवर संदेश पडतो आणि सकाळी दहाला अहवाल हवा असतो. ग्रुपवर ‘होय सर’ एवढेच टाकू नका. ‘निर्देश समजले. सकाळी फाइल सादर करतो,’ असे लिहा, आणि सकाळी संदेशाची छापील प्रत पत्रव्यवहारात लावून टिपणी सादर करा. फोनवरचे बोलणे गुपचूप ध्वनिमुद्रित करण्याचा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. मला तो मान्य नाही. ज्या कार्यालयात प्रत्येक जण दुसऱ्याचे बोलणे खिशात साठवतो तिथे कुणी खरे मत बोलत नाही, आणि कनिष्ठांचेच त्यात जास्त नुकसान होते.

फाइलीच्या प्रती घरी नेऊ नका. त्यावरून उलट तुमच्यावरच कारवाई होऊ शकते. डायरीत फाइल क्रमांक, टिपणीची तारीख आणि पृष्ठ लिहून ठेवा. पुढे गरज पडली तर प्रती माहितीच्या अधिकारात मागता येतात. ही डायरी निवृत्तीनंतरही जपा. निवृत्तिवेतन नियम, 1982 मधल्या नियम 27 प्रमाणे, घटना चार वर्षांच्या आतली असेल तर निवृत्त माणसाचीही चौकशी सुरू करता येते, आणि वसुली निवृत्तिवेतनातून होऊ शकते.

बदलीची भीती सगळ्यांना असते, आणि ती खोटी नाही. पण राज्य शासकीय कर्मचाऱ्यांसाठी 2005 चा बदल्यांचा कायदा आहे. पदावधी साधारणपणे तीन वर्षांचा, आणि मुदतीपूर्वी बदली करायची तर लेखी कारणे व वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. ती नसेल तर मॅटचे (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे) दार उघडे आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे त्याची न्यायपीठे आहेत. तुमची टिपणी आणि बदलीच्या आदेशाची तारीख शेजारी शेजारी ठेवली की पुष्कळ काही दिसते.

बदली झालीच तर कार्यभार देताना यादीत ही प्रकरणे वेगळी दाखवा: फाइल क्रमांक, ‘आदेशार्थ सादर, आदेश अप्राप्त’, आणि तारीख. यादीवर नव्या माणसाची सही घ्या आणि एक प्रत आस्थापना शाखेत देऊन पोच घ्या.