वॉटर्लूच्या देखाव्यात आधी चिखल करा

वॉटर्लू म्हणजे नेपोलियनची इंग्रज आणि त्यांच्या मित्रसैन्यांशी झालेली शेवटची मोठी लढाई. तिच्या आदल्या दिवशी, १७ जून १८१५ च्या दुपारपासून रात्रभर पाऊस कोसळला. जमीन थोडी वाळावी म्हणून नेपोलियनने दुसऱ्या दिवशीचा हल्ला जवळजवळ दुपारपर्यंत लांबवला. त्यामुळे वॉटर्लूच्या देखाव्यातले छोटे खेळण्यातले सैनिक हिरव्यागार गवतावर उभे केले की मला फार चुटपुट लागते.

चाळलेली माती, फेविकॉल आणि तपकिरी पोस्टर कलर कालवून थर्माकोलवर पसरा. ओला असतानाच तोफेच्या चाकांनी चाकोऱ्या पाडा, घोड्यांचे खूर उमटवा. वाळल्यावर फक्त चाकोऱ्यांत चकचकीत वॉर्निश सोडा, पाणी साचल्यासारखं दिसतं. शेतं राय धान्याची होती. काथ्याचे तुकडे रोवा आणि बरेचसे आडवे दाबा, कारण पीक तुडवलं गेलं होतं.

सगळी लढाई मांडू नका. नेपोलियनचा सेनापती मार्शल ने (Ney) याच्या घोडदळासमोर उभा राहिलेला इंग्रज पायदळाचा एकच चौकोन घ्या: आत मोकळी जागा, बाहेर गुडघे टेकलेली रांग, तिच्यामागे उभे बंदूकधारी. संगिनींच्या भिंतीवर घोडे चाल करत नसत. म्हणून घोडेस्वार चौकोनाला भिडवू नका, बाजूने वळताना दाखवा. सगळा थरार त्या वळण्यात आहे!

मऊ प्लॅस्टिकचे सैनिक रंगवण्याआधी साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर रंगाचे पोपडे निघतात. शिशाचे असतील तर ओकच्या कपाटात ठेवू नका. त्या लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिशावर पांढरी भुकटी धरते. काच किंवा अॅक्रिलिकची पेटी उत्तम, उन्हापासून दूर आणि डोळ्यांच्या पातळीवर.