ऊस, क्षारपड आणि दोन देशांतले दोन गाइड: पीएच.डी.च्या प्रयोगाचा दर्जा कसा राखावा

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत उसाच्या नत्रावर (नायट्रोजनवर) पीएच.डी. करायची, एक गाइड इथला आणि दुसरा युरोपातल्या विद्यापीठातला. अशा कामात दर्जा म्हटलं की आधी कागद आठवतात: दोन विद्यापीठांचा करार, सहामाही अहवाल, साम्यतपासणीचा (मजकूर कुठून उचललेला नाही याचा) दाखला. ते लागतातच. पण परीक्षकाकडे प्रबंध अडतो तो बहुधा बांधावर झालेल्या चुकीपाशी, आणि तोवर ती दुरुस्त करायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून प्रत्येक तपासणी अशा दिवशी ठेवा, की चूक सापडली तर निस्तरता येईल.

आधी हंगाम, मग वेळापत्रक

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, कोर्सवर्क किमान १२ क्रेडिट, आणि दर सत्रात सल्लागार समितीपुढे एक सादरीकरण. (कृषी विद्यापीठांची नियमावली वेगळी असते, आपल्याला कोणती लागू ते प्रवेशाच्या दिवशीच पाहा.) सुरू उसाची (हिवाळ्यात लावायच्या उसाची) लागण १५ फेब्रुवारीपर्यंत व्हायला हवी. जुलैत प्रवेश, डिसेंबरपर्यंत कोर्सवर्क, पुढच्या जानेवारीत लागण, वर्षाने तोडणी, मग खोडवा (तोडलेल्या बुडख्यांतून फुटलेलं पुढचं पीक), आणि खोडवा तुटल्यावर लिहायला जेमतेम पाच महिने. तीन वर्षांत बसतं ते एवढंच. समितीची बैठक मार्चमध्ये गेली तर लागण उशिराची होते, म्हणजे एक वर्ष गेलंच.

म्हणून बैठक डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या. वीस तारखेनंतर तिकडे नाताळच्या सुट्ट्या लागतात. हिवाळ्यात मध्य युरोप आपल्या साडेचार तास मागे असतो, तेव्हा इथले दुपारचे अडीच म्हणजे तिथले सकाळचे दहा, दोघांनाही सोयीचं. बैठकीत संदर्भसाहित्याच्या चाळीस स्लाइड दाखवू नका. शेताचा नकाशा, प्लॉटनिहाय खताचा हिशोब, नमुने घ्यायच्या तारखा आणि शेवटी कोणतं सांख्यिकी मॉडेल चालवणार ते, एवढी चार पानं ठेवा आणि दोन्ही गाइडच्या सह्या घ्या.

शेत आणि प्लॉट

शेत निवडताना मालकाला पहिला प्रश्न: २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं? सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट आहे, आणि नदीकाठची मळीची रानं पुरात सहज बुडतात. त्या खुणेच्या वरचं रान घ्या. शक्य असेल तर दुसऱ्या गावात छोटी पुनरावृत्ती ठेवा.

क्षार शेतभर सारखे नसतात. ओढ्याकडच्या सखल बाजूला पांढरा थर दिसतो आणि वरच्या बाजूला ऊस बरा असतो. आरबीडीतला (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन: शेताचे ब्लॉक पाडून प्रत्येकात सगळ्या ट्रीटमेंट चिठ्ठ्या टाकून बसवायच्या) प्रत्येक ब्लॉक ओढ्याला समांतर आडवा पट्टा हवा, म्हणजे एका ब्लॉकमधले सगळे प्लॉट जवळपास सारख्या क्षारात येतात. ब्लॉक उभे काढले तर क्षारांचा फरक खताच्या नावावर चढतो. लागणीआधी दर प्लॉटमधून क्षारता मोजा आणि मगच पट्टे ठरवा. ट्रीटमेंट (खताच्या वेगवेगळ्या मात्रा) चार आणि रेप्लिकेशन (पुनरावृत्त्या, म्हणजे ब्लॉक) चार घेतल्या तर एरर डिग्री ऑफ फ्रीडम (प्रयोगातल्या चुकीचा अंदाज किती स्वतंत्र आकड्यांवर उभा आहे ते) ९ येतात. पाच बाय चार केलं की १२. बाराच्या खाली उतरू नका. कोणत्या प्लॉटला कोणती ट्रीटमेंट हे ठरवायला चिठ्ठ्या टाका किंवा संगणकावर काढा, पण संगणकावर काढलं तर सीडचा (तोच क्रम पुन्हा काढून देणारा) आकडा वहीत लिहा. परीक्षक तो हमखास मागतो.

प्लॉट सहा सऱ्यांचा, सरी चार फुटी, लांबी ८ मीटर, म्हणजे ५७.६ चौरस मीटर. मोजायचा भाग: कडेची एकेक सरी आणि दोन्ही टोकांचा एकेक मीटर सोडून ४.८ बाय ६, म्हणजे २८.८ चौरस मीटर. पाणी एका प्लॉटमधून दुसऱ्यात जाऊ देऊ नका. चारीतून प्रत्येक प्लॉटला वेगळं तोंड आणि मध्ये पक्का बांध हवा. सवयीने पाणी पाजणारा माणूस बांध फोडून पाणी पुढे सोडतो. तेव्हा त्यालाच आधी सांगा की वरच्या प्लॉटचा युरिया खालच्या प्लॉटमध्ये उतरला तर अख्खा प्रयोग वाया जातो.

खताचा हिशोब इथे फसतो

सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५०:११५:११५ किलो (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅश). एका प्लॉटला नत्र १.४४ किलो, म्हणजे ४६ टक्क्यांचा युरिया ३.१३ किलो. लागणीला १० टक्के (३१३ ग्रॅम), सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के, मोठ्या बांधणीला (उसाला माती चढवताना) ४० टक्के. प्रत्येक हप्ता आदल्या दिवशी ताणकाट्यावर नव्हे, तर ५ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजून प्लॉटचा नंबर लिहिलेल्या पिशवीत भरा. गड्याच्या ओंजळीवर सोडू नका.

युरियाची गोणी आता ४५ किलोची आहे, पूर्वीसारखी ५० ची नाही. म्हणजे गोणीत नत्र २०.७ किलो. जुन्या सवयीने २३ धरणारे अजून भेटतात. शिवाय २०१५ पासून आपल्याकडचा युरिया निमलेपित असतो. निमाच्या लेपाने नायट्रेट होण्याचा वेग थोडा मंदावतो, आणि परदेशी गाइडच्या मॉडेलमध्ये साधा युरिया घातलेला असण्याची शक्यता जास्त. ही ओळ करारापेक्षा महत्त्वाची आहे, ती पहिल्याच ईमेलमध्ये लिहा.

सगळ्यात वाईट चूक डीएपीची (डायअमोनियम फॉस्फेट, स्फुरदाबरोबर नत्रही असलेलं खत). ११५ किलो स्फुरदासाठी हेक्टरी २५० किलो डीएपी टाकलं की त्याबरोबर ४५ किलो नत्र जातं. मग 'शून्य नत्र' प्लॉट शून्य राहतच नाही. स्फुरद सिंगल सुपर फॉस्फेटमधून द्या. त्यात जिप्सम असतं आणि चोपण (सोडियम साचलेल्या) जमिनीत त्याचा स्वतःचा परिणाम होतो, पण तो सगळ्या प्लॉटना सारखाच मिळतो, तेव्हा तुलना बिघडत नाही.

विहिरीचं पाणीही खत आहे. ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर नायट्रेट (पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा) असलेलं १००० मिलिमीटर पाणी दिलं तर हेक्टरी सुमारे १०२ किलो नत्र जमिनीत जातं. दर पाळीला नाही, तरी दर महिन्याला पाण्याचा नमुना घ्या, आणि पाणी किती गेलं ते चारीवर मोजा. अहवालात 'नायट्रेट' की 'नायट्रेट-नत्र' हे दरवेळी लिहा. दोन्हींत ४.४३ पटींचा फरक आहे. इथली प्रयोगशाळा एक देते, तिकडची दुसरं, आणि दोघांचे आकडे एका तक्त्यात शेजारी बसतात. हा घोळ सापडायला दोन वर्षं जातात.

नमुना आणि प्रयोगशाळा

माती खनिज नत्रासाठी घेतली की वाळवायची नाही. बर्फाच्या डब्यात ठेवा आणि चोवीस तासांत दोन मोलर पोटॅशियम क्लोराइडने अर्क काढा. जमत नसेल तर गोठवा. एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डिकीत राहिलेल्या पिशवीतले जिवाणू कामाला लागतात, आणि कुठे नायट्रेट वाढलेलं दिसतं, कुठे घटलेलं. ती शेताची गोष्ट नसते, डिकीची असते.

लेबल असं हवं: 'ब्लॉक ३, प्लॉट १४, १५ ते ३० सेंमी, तारीख, वेळ, कोणी काढला'. पेन्सिलीने लिहा, एक चिठ्ठी पिशवीच्या आत, एक बाहेर. शाई घामाने आणि ओल्या मातीने पुसते. आतली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या छोट्या पाकिटात घाला. त्याच क्षणी वहीतही नोंद करा. रात्री घरी बसून आठवणीने भरलेली वही परीक्षकाला पाच मिनिटांत कळते, कारण सगळी पानं एकाच पेनाने आणि एकाच बैठकीत लिहिलेली दिसतात.

काळ्या जमिनीत पाझराचं पाणी सक्शन कपने (जमिनीत पुरून मातीतलं पाणी ओढणाऱ्या सच्छिद्र कपाने) घेताय? उन्हाळ्यात माती भेगाळली की कप मातीपासून सुटतो आणि पाणी भेगेतून कपाला वळसा घालून खाली जातं. कप बसवताना त्याच खोलीची माती चाळून, चिखल करून भोकात ओता. नमुना आलाच नाही तर 'कोरडा' असं लिहा. शून्य लिहू नका.

क्षारतेचे आकडे १:२.५ द्रावणाचे (एक भाग माती, अडीच भाग पाणी) की संपृक्त अर्काचे (माती पाण्याने जेमतेम भरून काढलेल्या अर्काचे), हे लिहिल्याशिवाय तक्ता करू नका. क्षारयुक्त जमिनीची ४ डेसिसायमन प्रतिमीटरची रेषा संपृक्त अर्कासाठी आहे, १:२.५ च्या आकड्याला ती लावली तर क्षारपड जमीनही निरोगी दिसते. सेंद्रिय कर्बाचंही तसंच. वॉकली-ब्लॅक या रासायनिक पद्धतीत क्लोराइडमुळे आकडा फुगतो, म्हणून खारवट नमुन्यांना सिल्व्हर सल्फेट लागतं. परदेशी प्रयोगशाळा कोरडं ज्वलन (नमुना जाळून कर्ब मोजणं) करत असेल तर आपल्या चुनखडीचा कर्बही त्यात मोजला जातो: ५ टक्के चुनखडी म्हणजे ०.६ टक्के जास्तीचा कर्ब. आधी आम्लाने चुना काढायला सांगा, किंवा चुनखडी वेगळी मोजून वजा करा.

दोन्ही प्रयोगशाळांचा ताळमेळ असा बसवा. एका शेतातली २० किलो माती वाळवून, २ मिलिमीटर चाळून, नीट मिसळून डबे भरा. आधी दहा वेळा तपासून सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. नंतर दर २० नमुन्यांमागे एक ब्लँक (मातीशिवाय नुसती रसायनं), एक जोडनमुना (तोच नमुना दुसऱ्यांदा) आणि या डब्यातली एक माती. आकडा दोन विचलनांच्या बाहेर गेला तर सावध व्हा. तीनच्या बाहेर गेला तर ते सगळे २० नमुने परत. युरोपात परदेशी माती आणायला साधारणपणे बंदी आहे; डबा तिकडे पाठवायचा तर तिथल्या गाइडने संशोधनाचा परवाना आधी काढावा लागतो. जिवाणूंचं काम असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची मंजुरीही लागते. दोन्हींना वेळ लागतो. अर्ज लागणीआधी टाका.

तोडणी

तोडणीची तारीख तुमच्या हातात नसते, ती कारखान्याच्या कार्यक्रमावर ठरते. ऊस नोंदवतानाच कारखान्याच्या शेतकी खात्याला लेखी कळवा, आणि गावच्या चिटबॉयशी (कारखान्याच्या गावातल्या कर्मचाऱ्याशी) बोलून ठेवा. टोळी आली की ती तुमच्यासाठी थांबत नाही. आदल्या दिवशी निव्वळ (मोजायच्या) प्लॉटच्या चारी कोपऱ्यांना रंगवलेले बांबू रोवा, आणि मुकादमाला सांगा की हे आधी, बाकीचं फड नंतर. ऊस जमिनीलगत तोडायचा, वाढं आणि पाचट काढून मोळ्या बांधून तोलायच्या. काटा सकाळी आणि संध्याकाळी २० किलोच्या वजनाने तपासा. एका प्लॉटचे ३३० किलो आले तर २८.८ ने भागून दहाने गुणा: हेक्टरी ११४.६ टन. कोणी चुकून ५७.६ ने भागलं तर उत्पन्न निम्मं दिसतं, आणि सगळ्याच प्लॉटना ते निम्मं असल्यामुळे सांख्यिकीत चूक पकडली जात नाही.

कागद

करारात लेखकांचा क्रम, डेटा कोणाकडे, आणि गाइड बदलला तर काय, हे तीन मुद्दे हवेत. साम्य १० टक्क्यांच्या आत ठेवा. आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे पुढे जाऊन ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. कच्च्या डेटाच्या तीन प्रती ठेवा, एक परदेशी विद्यापीठाच्या सर्व्हरवर. दर तिमाहीला दुसऱ्या विद्यार्थ्याकडून पाच प्लॉटचे आकडे वहीपासून तक्त्यापर्यंत जुळवून घ्या. तासाभराचं काम आहे, पण ते टाळलं की खोडव्याच्या वेळी कळतं, काय चुकलं होतं ते.

प्रत्येक नमुन्याची अर्धा किलो वाळलेली माती तोंडी परीक्षा होईपर्यंत फेकू नका. दुसरा परीक्षक 'पुन्हा तपासा' म्हणाला तर उत्तर तिथेच आहे. बरण्या तळमजल्यावर नको. वरच्या मजल्यावर, पुराच्या खुणेच्या वर ठेवा.