हुबेहूब माणूस घडवताना आधी माप ठरवा

पुतळा खऱ्या माणसाच्याच उंचीचा करायचा मोह टाळा. तो क्षणभर फसवतो, मग ‘पुतळाच की!’ म्हणून माणूस पुढे निघतो. शिल्पकार रॉन म्यूकच्या 1996-97 मधल्या ‘डेड डॅड’मध्ये बापाचा देह जेमतेम मीटरभर आहे, बघणारा आपसूक वाकतो. त्याचाच उकिडवा ‘बॉय’ सुमारे पाच मीटर उंच, त्याच्यापुढे मोठी माणसंही पोरं वाटतात.

ओट्यावर बसलेला, धोतर-टोपीतला खान्देशी म्हातारा करायचा तर दोन तृतीयांश माप घ्या: 168 सेंमीचा माणूस 112 सेंमी, डोळ्याचा गोळा 24 ऐवजी 16 मिमी. नव्वद टक्क्यांच्या आसपास मात्र नको, ते चुकल्यासारखं दिसतं. आकारमान घनाने बदलतं, म्हणजे इथे साधारण 30 टक्के. दुप्पट उंचीला आठपट.

चेहरा गंधक नसलेल्या ऑइल क्लेमध्ये (तेलात मळलेली, न सुकणारी माती) घडवा आणि त्यावरून फायबरग्लासचा साचा काढा. गंधकाचा अंश साच्यात राहिला तर प्लॅटिनम सिलिकॉन, म्हणजे ज्याची कातडी ओतायची ते रबर, तिथे चिकट राहतं. लेटेक्सच्या हातमोज्यांनीही तेच होतं, नायट्राइलचे वापरा. फायबरच्या साच्यात 5 मिमी क्लेचा थर दाबून आतला गाभा ओता, मग थर काढून त्या पोकळीत सिलिकॉन सोडा. बारीक धारेने, एकाच कोपऱ्यातून. नाहीतर नाकाच्या शेंड्यावर बुडबुडा ठरलेला.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 अंशांवर जातो. सिलिकॉन घट्ट व्हायला लागण्याचा डब्यावरचा वेळ बहुधा 23-25 अंशांसाठी असतो, उन्हाळ्यात तो निम्म्याहून कमी समजा. पहाटेच ओता. फायबरच्या साच्यासाठीच्या पॉलिएस्टर रेझिनला हार्डनर एक टक्क्याच्या आसपास ठेवा, थर पातळ द्या. जाड थर तापून तडकतो.

खरी फजिती केस आणि कापडात होते, कारण ती मापाबरोबर लहान होत नाहीत. डोक्याचा साधा केस इथे तारेसारखा दिसतो. भुवयांना बारीक मोहेर (अंगोरा बकरीची लोकर) घ्या, सुईचं नेढं वरून घासून दुबेळकं करा आणि एकेक केस तिरका टोचा. धोतराला मांजरपाट नको, जुनी धुतलेली मलमल.

सिलिकॉनवर ॲक्रिलिक धरत नाही, पापुद्रे निघतात. रंगद्रव्य सिलिकॉनमध्येच कालवा. टोपीखालचं कपाळ उजळ ठेवा, खाली उन्हाने रापलेलं.

ओटा 40 सेंमीपेक्षा उंच नको. उजेड एका बाजूने. समोरची ट्यूबलाइट सुरकुत्या खाते. धूळ मऊ ब्रशनेच झटका.