मागचे टायर आतून खाणारी मिआटा: दोष कसा शोधायचा

माझदा म्हटलं की आपल्यातल्या बऱ्याच जणांना स्वराज माझदाची मिनीबस आठवते. त्याच माझदाची एमएक्स-५ उर्फ मिआटा, ही दोन सीटची उघडी गाडी, कंपनीने भारतात विकलीच नाही. पण परदेशात राहणाऱ्या आणि हात काळे करायची हौस असणाऱ्याला ती मोहात पाडतेच. हा लेख तिच्या पहिल्या पिढीबद्दल आहे, म्हणजे 1989 ते 1997 मधल्या, हेडलाइट वर उचलणाऱ्या गाडीबद्दल.

माझ्या गाडीने नवे मागचे टायर एकाच उन्हाळ्यात आतल्या कडेला तारा दिसेपर्यंत खाल्ले. बाहेरून पाहिलं तर टायर नवाकोरा! “स्पोर्ट्स कारला कॅम्बर असतोच,” असं म्हणून गॅरेजवाल्याने विषय संपवला. कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाक उभ्या रेषेपासून कललेलं असणं, असतो हे खरं, पण नुसत्या कॅम्बरने टायर इतक्या लवकर संपत नाही. खरा चोर बहुतेक वेळा टो असतो, म्हणजे चाकाचं तोंड किंचित आत किंवा बाहेर वळलेलं असणं.

सुरुवात मोजण्यापासून करा. ट्रेड डेप्थ गेज (टायरच्या नक्षीची खोली मोजायचं साधन) घेऊन प्रत्येक मागच्या टायरची खोली आत, मध्ये आणि बाहेर अशी तीन ठिकाणी मोजा आणि लिहून ठेवा. ब्रिटनमध्ये कायद्याने टायरच्या मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत 1.6 मिमी खोली लागते. आतली कड त्या हिशेबात येत नाही, म्हणून आकडा ठीक दिसतो आणि तारा मात्र उघड्या पडायला आलेल्या असतात. मधलाच भाग घासला असेल तर हवा जास्त आहे. या गाडीला 26 पीएसआय पुरते, पण टायरवाले सवयीने 32-34 भरतात. दोन्ही कडा घासल्या असतील तर हवा कमी. टायरला जागोजागी खड्डे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर संपलेत. एकाच बाजूचं चाक टायर खात असेल तर तिथला आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) वाकलाय का, स्प्रिंग तुटली आहे का, हे आधी बघा.

आता टायरवर आडवा तळहात फिरवा. आतून बाहेर जाताना नक्षीच्या रबराच्या कडा बोचत असतील तर टो-इन (चाकाचं तोंड आत) जास्त आहे. बाहेरून आत येताना बोचत असतील तर टो-आउट (तोंड बाहेर). ही परीक्षा फुकट आहे आणि सहसा खोटं बोलत नाही.

टो एवढा छळतो का, त्याचं गणित सोपं आहे. मूळ 185/60 आर14 टायरचा व्यास साधारण 578 मिमी. एवढ्या अंतरात चाक 3 मिमी तिरकं असेल, तर दर किलोमीटरला टायर जणू पाच मीटर आडवा फरपटतो. त्यात निगेटिव्ह कॅम्बरमुळे (चाकाचा वरचा भाग आत कललेला असल्यामुळे) भार आतल्या कडेवर असतो, म्हणून आधी तीच जाते. स्प्रिंगा बसल्या असतील तर कॅम्बर आणखी वाढतो. सपाट जमिनीवर हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजून बघा.

मग पुढच्या चाकांना ठोकळे लावा, मागची बाजू उचलून स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका), गिअर न्यूट्रल करा आणि हँडब्रेक सोडा. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडून धरून हलवा. मागच्या चाकाला स्टिअरिंग नसतं, त्यामुळे खेळ (ढिलेपणा) जाणवला तर तो बेअरिंगचा नाहीतर बुशचा, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या, आत धातूची नळी असलेल्या रबराचा. चाक हाताने फिरवून घरघर ऐका. मग पहारीने आर्म हळूच उचकटून रबर बुश किती हलतात ते बघा. अलाइनमेंटची मशीन उभ्या गाडीचं माप घेते. बुश मेलेले असतील तर कागदावर सगळं हिरवं दिसतं आणि रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबला किंवा सोडला की चाक पुन्हा वाकडं होतं. म्हणून बुश आधी, अलाइनमेंट नंतर. मी उलटं करून दोनदा पैसे घातले.

शेवटी कॅम बोल्ट, म्हणजे फिरवला की आर्म थोडा आत-बाहेर सरकवणारा बोल्ट. मागच्या प्रत्येक लोअर (खालच्या) आर्मला सबफ्रेमपाशी, म्हणजे आर्म जिथे जोडलेले असतात त्या गाडीखालच्या चौकटीपाशी, असे दोन बोल्ट असतात आणि टो, कॅम्बर दोन्ही त्यांनीच जुळवायचे. नट ढिला करण्याआधी सध्याच्या जागेवर रंगाची खूण करा. मग बोल्टचं डोकं फिरवा. थोडं फिरून, पाना सोडताच परत जागेवर आलं, तर बोल्ट बुशच्या धातूच्या नळीत गंजून अडकलाय आणि तुम्ही फक्त रबर पिळताय. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या देशांत हे नेहमीचंच. आठवडाभर रोज गंज सोडवणारं तेल मारा. नाहीच सुटला तर बोल्ट कापून बोल्ट आणि बुश दोन्ही नवे घालावे लागतात.

एवढं झाल्यावर चारही चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाइतकं काहीतरी ठेवायला सांगा. साडेनऊशे किलोच्या आसपासच्या गाडीत माणसाच्या वजनाने फरक पडतो. आधीचं आणि नंतरचं अशी दोन्ही मापं छापून मागा. हजार किलोमीटरनंतर पुन्हा त्याच तीन ठिकाणी गेज लावा आणि जुन्या आकड्यांशेजारी नवे लिहा.