लेथवर अर्धगोल खांब कसे काढायचे (जोड मशीनवरच उकलू न देता)

देवघराच्या दोन बाजूंना किंवा कपाटाच्या दाराशेजारी जे अर्धगोल खांब चिकटवलेले असतात ते करायला बरेच जण सांगतात की पूर्ण खांब खरादून घे आणि मधून चिरून टाक. अजिबात करू नका. करवतीचं पातं दोन-तीन मिलीमीटर लाकूड खातं, मग दोन्हीपैकी एकही पुरता अर्धा राहत नाही, आणि गोल लाकूड कटरवर फिरलं तर बोटं जातात. दोन पट्ट्या मध्ये कागद घालून चिकटवायच्या, त्या जोडाचा खांब काढायचा आणि शेवटी कागदावरून उकलायचा, हीच खरी रीत.

लाकूड सरळ रेषांचं, दोन्ही पट्ट्या एकाच फळीतल्या. आमच्याकडे जळगाव-धुळ्याला जुन्या घरांच्या मोडीतलं सागवान मिळतं, ते उत्तम, फक्त खिळे आधी शोधा. २ इंची गोलासाठी सव्वा इंच जाड, अडीच इंच रुंद. लांबी पाहिजे त्यापेक्षा ४ इंच जास्त. रंधा मारून तोंडाला तोंड लावलं की मधून उजेड दिसायला नको.

आता जोड, सगळं काम इथंच बिघडतं. माझा दुसरा की तिसरा खांब असेल, मी टोकापासून टोकापर्यंत कागद लावला होता, टेलस्टॉकची (लेथचा जो भाग लाकडाचं दुसरं टोक दाबून धरतो त्याची) टोकदार सुई बरोबर कागदाच्या रेषेत बसवली आणि घट्ट व्हावं म्हणून हँडल अजून पिळलं. ती सुई पाचरीसारखी आत घुसत गेली, पहिल्या दोन-तीन मिनिटांतच जोड फाटला आणि अर्धा तुकडा कानाजवळून जाऊन शेडच्या पत्र्यावर आदळला. त्या दिवसापासून तीन गोष्टी सोडत नाही.

पहिली, दोन्ही टोकांच्या २-२ इंचांत कागद घालायचाच नाही, तिथं लाकडाला लाकूड थेट चिकटवायचं आणि शिवाय प्रत्येक टोकाला एक स्क्रू आरपार, डोकं खोल बुडवून. हा भाग नंतर कापूनच टाकायचाय, म्हणून तिथं खरादायचंही नाही, चौकोनीच ठेवायचा म्हणजे पटाशी स्क्रूला लागत नाही. स्क्रूचा अजून एक फायदा, शिकंजा आवळताना पट्ट्या सरकत नाहीत. दुसरी, टेलस्टॉकला कप सेंटर लावा, ज्याची कडा गोल असते, ती दोन्ही अर्ध्यांना बाहेरून धरते. हेडस्टॉकचे, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या बाजूचे, दात जोडाच्या रेषेवर येऊ देऊ नका, चार दाती असेल तर ४५ अंशात फिरवून बसवा. तिसरी, सेंटरचा मधला बिंदू जोडाच्या रेषेवरच हवा, १ मिलीमीटर सरकला तर दोन अर्ध्यांच्या जाडीत २ मिलीमीटरचा फरक पडतो.

कागद साधा खाकी. शाळेच्या वह्यांना घालतात त्यातला एका बाजूने चकचकीत असतो तो नको, त्यात फेविकॉल मुरतच नाही, वर्तमानपत्र मला कच्चं वाटतं. पाण्यात न सुटणारा गोंदही नको, नंतर कागद निघत नाही. दोन्ही तोंडांना पातळ हात, मध्ये कागद, दर ६ इंचाला शिकंजा, २४ तास हात लावायचा नाही. आणि मे महिन्यात हे काम सकाळी सातच्या आत उरका भो, आपल्याकडे पारा ४४-४५ ला गेला की पत्र्याच्या शेडमध्ये कागद ठेवेपर्यंत गोंदावर साय येते.

खरादणं नेहमीसारखंच. चौकोनाचा गोल करताना स्पीड कमी, तोंडावर शील्ड, उभं राहायचं बाजूला. पॉलिश पेपर मशीनवरच मारून घ्या.

मग चौकोनी टोकं हातकरवतीने कापा, कागदाची रेघ उघडी दिसेल. रुंद धारदार पटाशी त्या रेघेत आडवी ठेवून मोगरीने हलके ठोके, थोडं या टोकाने थोडं त्या टोकाने. पटाशी पिळू नका, पिळली की कडेचा कपचा निघतो आणि तो खांब गेला. कागद स्वतःच्या जाडीतच फाटतो, निम्मा इकडे निम्मा तिकडे. कोमट पाण्याचं फडकं दहा मिनिटं ठेवून खरवडून काढा, पॉलिश पेपरने घासू नका, तो लगेच भरतो.

चिकटवण्याआधी लाकूड पुरतं सुकू द्या, आणि दोन्ही अर्ध्यांच्या मागे एकच पेन्सिल खूण करून ठेवा म्हणजे एका दाराच्या डाव्या-उजव्या बाजूला हीच जोडी लागेल.